‘माका काय धाड भरलीहा?’ : आजारी माणसाला सांभाळणाऱ्या घरच्या माणसाचा ताण

गेल्या गणपतीतली गोष्ट. तिसऱ्या दिवशीची संध्याकाळची आरती रंगात आली होती. माटवीखाली झांजा, टाळ्या, मुंबईहून आलेली पोरं मोबाइल उंच धरून उभी. आई बाजूला खुर्चीत बसली होती. मध्येच ती उठली आणि म्हणाली, “माका घराक जावचा हा.”

ज्या घरात ती लग्न होऊन आली, जिथे तिचं उभं आयुष्य गेलं, त्याच घराच्या ओटीवर उभं राहून ती हे सांगत होती. आईला स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू जाण्याचा आजार. मी तिला समजवायला लागलो. आई, हेच आपलं घर. हा देव्हारा बघ, ही तुझी खुर्ची. ती चिडली, माझाही आवाज चढला. तेवढ्यात वयनी स्वयंपाकघरातून आली. हात पिठाने माखलेले. “चला आये, घराक जावया,” म्हणाली. आईचं मनगट धरून ती पुढच्या खळ्यात उतरली, तुळशीला वळसा घातला, परसातून फिरली आणि मागच्या दाराने आत आली. “ह्या बघा, इलाव घराक.” आई खुर्चीत बसली आणि टाळ्या वाजवायला लागली. वयनी पुन्हा चुलीकडे.

रात्री सगळे झोपल्यावर मी विचारलं, “वयनी, खूप होता ना तुका?”

“माका काय धाड भरलीहा?”

आमच्याकडे या प्रश्नाला एवढंच उत्तर असतं. मलाही ते बरंच वाटलं, खरं सांगायचं तर. धाड भरलेली नाही म्हणजे मी निश्चिंत गाडीत बसायला मोकळा.

मनात असा एक समज घट्ट बसलेला असतो की सांभाळणाऱ्याच्या ताणाचा हा प्रश्न परदेशातल्यांचा. त्यांच्याकडे म्हातारी माणसं एकटी पडतात, आपल्याकडे घर आहे, सून आहे, संस्कार आहेत. माया असली की ओझं वाटत नाही. हा समज फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. अभ्यासकांनाही बरीच वर्षं असंच वाटत होतं. त्यांनी तो तपासून पाहिला, आणि हाती जे आलं ते थोडं अवघड आहे. म्हणून जरा सावकाश सांगतो.

आधी ताण म्हणजे काय ते पाहू. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लॅझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ साली मांडलेली कल्पना आजही या विषयाचा पाया मानली जाते. त्यांचं म्हणणं असं, की ताण प्रसंगात नसतो आणि माणसातही नसतो, तो या दोघांच्या मधल्या हिशेबात असतो. समोर संकट आलं की मन दोन प्रश्न विचारतं. यात माझं काय पणाला लागलंय? आणि याला तोंड द्यायला माझ्यापाशी काय आहे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यापेक्षा तोकडं पडलं की ताण सुरू होतो.

गवताचा भारा ज्याने वाहिलाय त्याला हे चटकन कळेल. भारा किती किलोचा यावर सगळं ठरत नाही. डोक्यावर चुंभळ आहे का, वाट चढणीची आहे का, आणि मुख्य म्हणजे भारा उचलून डोक्यावर द्यायला दुसरं कोणी आहे का, यावर ठरतं. एकट्याने भारा वाहता येतो, पण एकट्याने तो डोक्यावर चढवता येत नाही. वाटेत टेकवला तर पुन्हा उचलून देणारं माणूस शोधावं लागतं, म्हणून बाया टेकवतच नाहीत.

आजारी माणसाला सांभाळणाऱ्याचं ओझं मोजायला एक प्रश्नावली जगभर वापरतात. अमेरिकेतले स्टीव्हन झारिट आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या सुमारास ती तयार केली. आज प्रचलित असलेल्या रूपात २२ प्रश्न आहेत, प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणजे जास्तीत जास्त ८८. त्यात ‘दिवसातून किती वेळा कपडे बदलता’ असलं काही विचारत नाहीत. विचारतात ते असं : स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, या माणसाच्या वागण्याची चारचौघांत लाज वाटते का, राग येतो का, आणि याहून जास्त करायला हवं होतं अशी बोच लागते का. शेवटचा प्रश्न नीट बघा. जी बाई सगळ्यात जास्त करते तिलाच बहुतेक वेळा तो सगळ्यात जास्त टोचतो.

आता कुटुंबाच्या मूल्यांकडे येऊ. ‘कुटुंब आधी, मी नंतर’ या वृत्तीचा अभ्यास अमेरिकेतल्या लॅटिन अमेरिकी कुटुंबांमध्ये खूप झाला, कारण तिथे घर, आईबाप, भावंडं यांचं वजन आपल्यासारखंच आहे. १९८७ साली साबोगाल आणि सहकाऱ्यांनी या वृत्तीचे तीन धागे वेगळे करून दाखवले. पहिला, घरच्यांसाठी करणं हे माझं कर्तव्य आहे. दुसरा, अडचणीत घरचे माझ्या पाठीशी उभे राहतील हा भरवसा. तिसरा, कसं वागायचं हे घरच्यांकडे बघून ठरवायचं. बोलताना आपण हे तिन्ही ‘संस्कार’ या एकाच शब्दात बांधतो. बांधले की गफलत होते, कारण तीन धागे तीन वेगळ्या गोष्टी करतात.

बॉब नाइट आणि फिलिप सायेघ यांनी २०१० मध्ये वेगवेगळ्या वंशांच्या काळजीवाहकांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. अपेक्षा अशी होती, की जिथे कुटुंबाचं मूल्य मोठं तिथे ओझं हलकं वाटेल. तसं सरळ दिसलं नाही. काम वाढलं की ओझं वाटतं आणि ओझं वाटलं की तब्येत ढासळते, ही साखळी सगळ्या समाजांत साधारण सारखीच निघाली. संस्कृतीचा फरक पडत होता तो दुसरीकडे : माणूस ताणाला तोंड कसं देतो आणि त्याला आधार कोणाकडून, किती मिळतो, यात. नुसत्या कर्तव्याच्या भावनेने संरक्षण मिळत नव्हतं. उलट काही गटांमध्ये ती भावना जितकी तीव्र, तितकी माणसं ताण टाळण्याच्या, दाबून टाकण्याच्या वाटेला जात होती आणि त्यातून त्यांची मनाची अवस्था जास्त बिघडत होती. सगळीकडे असंच होतं असं नाही. निष्कर्ष गटागटांत बदलतात. पण ‘संस्कार आहेत, म्हणजे ताण नाही’ हे विधान काही टिकलं नाही.

टाळणं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण बाहेरून ते सहनशीलतेसारखं दिसतं. तोंड देण्याचे ढोबळ तीन मार्ग असतात. एक, प्रश्नाला हात घालायचा : पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, न्हाणीघरात धरायला दांडी बसवायची. दोन, जे बदलत नाही त्याच्याशी मनाने जुळवून घ्यायचं : आई मला ओळखत नाही, पण माझा हात ओळखते. तीन, बघायचंच नाही. ‘वय झालं, म्हातारचळ लागला, होईल बरं.’ डॉक्टरला दाखवायचं पुढे ढकलायचं. वाडीत कोणाला सांगायचं नाही. कोणी विचारलंच तर धाड भरलेली नाही. पहिल्या दोन मार्गांनी माणूस तरतो. तिसऱ्याने तात्पुरतं बरं वाटतं आणि ओझं तिथेच राहतं, वर ते लपवायचं ओझं चढतं.

देवाचा आधार यातल्या कुठल्या खणात घालायचा, असं कोणी विचारेल. तो तिन्हीत बसतो. सकाळी दिवा लावून दहा मिनिटं शांत बसणं ही दुसऱ्या मार्गाची ताकद आहे. ‘कोणाचा तरी कोप झालाय’ म्हणून कौल लावत फिरणं आणि तोवर गोळ्या बंद ठेवणं हा तिसरा मार्ग. कौल लावू नका असं मी म्हणणार नाही, आमच्या घरीही लावलाय. गोळ्या चालू ठेवून लावा.

कोकणात हे सगळं जास्त का टोचतं, याचं उत्तर जनगणनेत आहे. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांच्या जवळ होती, २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजार झाली. सगळ्या राज्याची वाढत असताना इथली घटली. सिंधुदुर्गाचीही घटली. त्याच जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ बायका होत्या, सिंधुदुर्गात १,०३६ आणि रत्नागिरीत १,१२२. या आकड्यांमध्ये काही फार मोठं रहस्य नाही. कमावता पुरुष मुंबईला, पुण्याला, गोव्याला आणि घरात म्हातारी माणसं, सुना आणि कुलपं. आधी मनीऑर्डर यायची, आता फोनवर पैसे येतात, एवढाच फरक.

म्हणजे त्या तीन धाग्यांपैकी पहिला, कर्तव्याचा, गावात राहिला. दुसरा, पाठीशी उभं राहणाऱ्यांचा, कोकण रेल्वेने निघून गेला. एकत्र कुटुंबात ही दोन्ही टोकं एकाच छपराखाली होती. आजीच्या अंगावरून वारं गेलं तर एक जाऊ पेज भरवायची, दुसरी कपडे धुवायची, चुलत दीर उचलायला यायचा, पोरं गोष्टी ऐकत उशाशी बसायची. त्या काळाचं फार कौतुक करू नये, तेव्हाही एखाद्याच सुनेच्या वाट्याला जास्त यायचं. पण उचलून देणारे हात तरी होते. आज हात गेले आणि म्हण तेवढी उरली, ‘घरचं माणूस घरच्यांनीच बघायचं.’

कायद्याचीही गंमत बघा. आईवडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा केंद्राचा कायदा आहे. त्यात ‘अपत्य’ म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्या व्याख्येत नाही. निर्वाहाची जबाबदारी मुलाची, आणि न्हाऊ घालायची, भरवायची, रात्री उठायची जबाबदारी जिचं कायद्यात नावच नाही तिची. कायद्यात सून घालावी असं मला म्हणायचं नाही. मुलाचं नाव आहे ते त्याने वाचावं, इतकंच. मीही मुलगाच आहे.

स्मृतिभ्रंशाच्या घरात आणखी एक चमत्कारिक दुःख असतं. पॉलिन बॉस या अमेरिकी संशोधक १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांशी बोलत होत्या. माणूस गेला म्हणावा तर प्रेत नाही, आहे म्हणावा तर पत्ता नाही. अशा अर्धवट वियोगाचे त्यांनी पुढे दोन प्रकार सांगितले. एकात माणूस देहाने नसतो, पण मनात सतत असतो. दुसऱ्यात देहाने समोर असतो आणि मनाने निघून गेलेला असतो. अशा वियोगाला तेरावं नसतं, सुतक नसतं, कोणी भेटायला येत नाही, म्हणून तो संपतही नाही.

हे वाचताना मला आमचीच ओटी दिसली. खुर्चीत आई, समोर आहे आणि नाही. भिंतीवरच्या फोटोंत आम्ही दोघे भाऊ, नाही आहोत आणि आहोत. मधल्या मोकळ्या जागेत वयनी ये-जा करत असते. आई रोज संध्याकाळी दादाची वाट बघते आणि वयनीला विचारते, “माझो झील इलो?” तिचा झील म्हणजे हिचा नवरा. तोही मुंबईला. दोघी एकाच माणसाची वाट बघतात, पण त्यातली एकच ते तोंडाने बोलू शकते.

मनावरचं शरीरावर कसं उतरतं याचा एक छोटासा प्रयोग मला विसरता येत नाही. अमेरिकेत ओहायोमध्ये जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांच्या गटाने १९९५ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांना सांभाळणाऱ्या १३ बायका निवडल्या आणि त्यांच्याच वयाच्या, असं काम नसलेल्या आणखी १३. सगळ्यांच्या हातावर एक छोटी, साडेतीन मिलिमीटरची जखम मुद्दाम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. सांभाळणाऱ्या बायकांची जखम सरासरी नऊ दिवस उशिरा भरली. विळीवर बोट कापलं तर कापड गुंडाळून पुढच्या कामाला लागणाऱ्या आपल्या बायकांना हा प्रयोग सांगून बघा. त्या हसतात, आणि मग बोटाकडे बघतात.

१९९९ चा रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांचा अभ्यास याहून गंभीर आहे. जोडीदाराला सांभाळणाऱ्या वृद्धांचा त्यांनी चार वर्षं मागोवा घेतला. ज्यांना त्या कामाचा ताण जाणवत होता त्यांच्यात मृत्यूचा धोका, असं काम नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. पण जे सांभाळत होते आणि ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात असा वाढीव धोका दिसला नाही. हा दुसरा भाग लोक सांगायचा विसरतात. सेवा माणसाला मारत नाही. एकट्याने, उसंत नसताना, आपल्याला दुसरा पर्यायच नाही अशा भावनेने केलेली सेवा पोखरते. पुढच्या काही मोठ्या अभ्यासांत तर सांभाळणारे एकूणात इतरांपेक्षा जास्त जगतात असंही दिसलं. त्यामुळे वयनीकडे ‘बिचारी’ म्हणून बघण्यात अर्थ नाही. तिला आपल्या कामाचा अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. आईच्या पाठीला दोन वर्षांत एक जखम नाही, हे ती येणाऱ्या प्रत्येक नर्सला आवर्जून दाखवते.

मग करायचं काय? इथे एक चांगली बातमी आपल्याच किनाऱ्यावरून आहे. गोव्यात बार्देस आणि तिसवाडी या दोन तालुक्यांत अमित डायस, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची ८१ कुटुंबं घेऊन एक रीतसर चाचणी केली. २००८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. अर्ध्या कुटुंबांकडे सहा महिने ‘गृहसल्लागार’ जात राहिले. हे डॉक्टर नव्हते, नर्स नव्हत्या. तिथलीच, तिथली भाषा बोलणारी, थोडं प्रशिक्षण दिलेली माणसं होती, आणि मागे एक मानसोपचारतज्ज्ञ. ते काय करायचे? हा आजार आहे, खोडसाळपणा नाही, हे समजावायचे. ‘घरी जायचंय’ म्हणणाऱ्याशी वाद घालू नये, हे सांगायचे. घरातली इतर माणसं हात कसा लावतील ते बोलून ठरवायचे, अशाच दुसऱ्या घरांशी गाठ घालून द्यायचे, सरकारी योजनांची माहिती द्यायचे. सहा महिन्यांनी त्या कुटुंबांतल्या सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलेलं दिसलं आणि रुग्णाच्या वागण्याचा त्रास कमी झालेला दिसला. झारिटच्या ओझ्याच्या गुणांत मात्र तितका ठळक फरक पडला नाही. मला हे पटतं. कोणी येऊन बोललं म्हणून भारा हलका होत नाही, वाहणारीचा जीव मात्र थाऱ्यावर राहतो.

वयनीने ती तुळशीची फेरी कुठल्या सल्लागाराकडून शिकली नव्हती. दीड वर्ष आईशी रोज वाद घालून, रडून, आणि एकदा हात उगारून मग स्वतःच शिकली. हात उगारल्याचं तिने मला अलीकडे सांगितलं. त्या रात्री ती जेवली नव्हती. असं झालेली ती एकटी नाही, आणि त्यामुळे ती वाईट सून ठरत नाही. पण हा धोक्याचा कंदील आहे हे ओळखायला हवं. झोप उडणं, कशातच मन न लागणं, सतत चिडचिड, ‘आता दोघींनी एकदम जावं’ असे विचार, यातलं काही सुरू झालं की दुसरं कोणी तिथे हवं, त्याच दिवशी. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसंबंधी अडचणींसाठी १४५६७ आहे.

न्यूयॉर्कमध्ये मेरी मिटलमन यांनी केलेलं काम आपल्याला अगदी जवळचं वाटावं असं आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराला सांभाळणारी ४०६ माणसं. त्यातल्या निम्म्यांना समुपदेशन दिलं, पण सहापैकी चार बैठका एकट्या त्या माणसाबरोबर नव्हत्या, घरातल्या बाकीच्यांना घेऊन होत्या. शिवाय कधीही फोन करायची मुभा. २००६ मध्ये छापलेल्या निकालानुसार, या घरांतल्या रुग्णांना शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ सुमारे ५५७ दिवसांनी पुढे गेली, म्हणजे दीड वर्ष. या फायद्यामागे मोठा वाटा कशाचा होता? मिळणाऱ्या आधाराबद्दलचं समाधान, रुग्णाच्या विचित्र वागण्याने कमी विचलित होणं आणि उदासी कमी होणं.

बैठका आपल्याला नव्या नाहीत. गणपतीत भावकी बसते तेव्हा देवाच्या खर्चाची वही निघते, कोणी किती दिले ते पै-पैशाने लिहिलेलं असतं. सातबारावरच्या नावांवरून रात्र जाते. पण आईच्या किती रात्री कोणी जागवल्या याची वही कुठल्याच घरात नसते. आम्ही यंदा ती काढली. साध्या दोनशे पानी वहीत वयनीने आठवडाभर लिहिलं : किती वाजता उठली, काय केलं, कोण आलं होतं. दोन पानं वाचल्यावर दादा उठून बाहेर गेला. मग ठरलं ते असं. रात्री झोपायला वाडीतली एक बाई आठवड्यातून दोनदा, पैसे मी देणार. ‘परकी बाई आईला हात लावणार’ यावर आत्याने नाक मुरडलं, तिला म्हटलं मग तू ये, तेव्हा तो विषय मिटला. डायपरला वयनीचाच विरोध होता, सुती फडकीच बरी म्हणायची. रात्रीपुरता चालेल इथवर आली. डॉक्टरकडे आईबरोबर वयनीचाही रक्तदाब दर वेळी बघायचा. पहिल्यांदा बघितला तर तो वाढलेला निघाला, कधीपासून होता कोण जाणे.

आणि फोन. लांबून फोन करणाऱ्याची एक खोड असते, तो सल्ला देतो. आक्रोड द्या, शब्दकोडी सोडवून घ्या, त्या अमक्या डॉक्टरांना दाखवा. मी हे दोन वर्षं केलं. आता आधी आईची तब्येत विचारत नाही, वयनीला विचारतो, काल किती झोपलीस? पहिले काही दिवस तिला हा प्रश्न संशयास्पद वाटला.

तिला बोलतं करणं हेच सगळ्यात कठीण गेलं. खरं तर गाऱ्हाणं घालायची रीत आपल्या रक्तात आहे. देवळात गुरव किंवा गावकर उभा राहतो, वाडीतल्या एकेकाची अडचण मोठ्याने देवापुढे मांडतो आणि सगळे एका आवाजात म्हणतात, “होय म्हाराजा!” पोराला नोकरी नाही, बागेला मोहोर धरत नाही, कोणाची गाय आटली, सगळं गावासमोर बोललं जातं आणि कोणाला लाज वाटत नाही. पण सासूच्या आजारपणात सून थकली, हे गाऱ्हाणं मी आजवर एकाही देवळात ऐकलेलं नाही. तिने ते मांडलं तर तिच्या संस्कारांवर बोट येईल, ही भीती. साबोगालचा तिसरा धागा तो हाच : कसं वागायचं ते घरच्या चार माणसांकडे बघून ठरवायचं. ती चार माणसं गप्प, म्हणून हीही गप्प.

जुलैत लावणी आटोपल्यावर मी पंधरा दिवसांची रजा घेऊन गावी गेलो. साहेबांनी विचारलं, घरात कार्य आहे का? म्हटलं, नाही, वहिनीला माहेरी पाठवायचंय. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. वयनी निघताना तीनदा मागे आली. गोळ्यांच्या डब्या दाखवल्या, पेजेत मीठ किती ते सांगितलं, कुठल्या कुशीवर झोपवायचं, कुठल्या गाण्याने शांत होते, सगळं. “सासू आजारी आणि सून माहेराक, लोक काय म्हणतले?” हेही एकदा म्हणाली. शेवटी रिक्षा आली.

तिसऱ्या रात्री अडीच वाजता पाऊस कोसळत होता, लाइट गेलेली. आई उठून बसली. “माका घराक जावचा हा.” मी आधी नेहमीसारखा समजवायला गेलो. ती रडायला लागली. मग आठवलं. एका हातात बॅटरी आणि छत्री, दुसऱ्या हातात तिचं मनगट, पुढच्या खळ्यात उतरलो, तुळशीला वळसा घातला, घसरत सावरत परसात आलो. मागचं दार आतून बंद. कडी मीच झोपताना लावली होती. दार ढकलत मी उभा, छत्री उलटलेली, आई नखशिखांत भिजलेली. तिने दाराकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, “ह्या आमचा घर नाय.”

तिला पुन्हा पुढून आत आणायला पाऊण तास लागला. सकाळी वयनीला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती आधी हसली. माहेरच्या अंगणात कोणीतरी पोरं खेळत होती, त्यांचा आवाज येत होता.

“भावजी, आधी मागची कडी काढायची, मग पुढून भायर पडायचा,” ती म्हणाली. “सांगूक इसारलंय.”